गावची जत्रा, गावचीच चव

(उन्हाळी जत्रांच्या हंगामापूर्वी भरलेल्या शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात आपण नेहमी बियाणे, खते, कीड आणि बाजारभाव यांवर बोलतो. आज माझ्याकडे विषय दिला आहे तो जत्रेचा. काहींना वाटेल, कृषि विद्यापीठाच्या माणसाला जत्रेशी काय देणे-घेणे? परंतु ज्वारी, गहू, हरभरा घरात आला म्हणूनच गाव जत्रा भरवते. जत्रेत जे खाल्ले-प्यायले जाते ते कोणाच्या तरी शेतातूनच येते. प्रश्न एवढाच आहे की ते आपल्या शेतातून येते की दुसऱ्याच्या कारखान्यातून. आजचे माझे सगळे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

जत्रा उन्हाळ्यातच का?

आपल्या बहुतेक गावजत्रा चैत्र-वैशाखात येतात. यामागे वाडवडिलांचा हिशेब आहे. रब्बीची खळी उरकलेली असतात. खरिपाची नांगरट झाली तरी पेरणीला अवकाश असतो. हातात चार पैसे असतात. बैल आणि माणूस दोघेही थोडे मोकळे असतात. मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली माणसे गावी येतात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. नदी-ओढे आटलेले असल्याने पूर्वी गाड्यांना वाटही सोपी असे.

सगळा महाराष्ट्र या दिवसांत हलतो. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाची यात्रा भरते. उंच सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि ‘चांगभलं’चा गजर होतो. खानदेशातले भाविक पायी चालत सप्तशृंगी गडाच्या चैत्रोत्सवाला जातात. येरमाळ्याला येडेश्वरीची, चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. झाडाला झोके बांधतात, माहेरवाशिणी गाणी म्हणतात आणि घरोघरी आमरस-पुरणपोळीचा बेत होतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे ठरलेले असते.

शिखर शिंगणापूरच्या चैत्र यात्रेकडे मी आपले मुद्दाम लक्ष वेधतो. माणदेशाच्या त्या दुष्काळी डोंगरावर भाविक पाण्याच्या कावडी खांद्यावर घेऊन अवघड मुंगी घाट चढतात आणि शंभू महादेवाला ते पाणी घालतात. ऐन चैत्रात, जेव्हा पाण्याला मोल असते, तेव्हा ही यात्रा भरते. पाणी नेणे हीच तिथली सेवा आहे. तेव्हा जत्रेचा विचार पाण्यापासूनच सुरू करू.

आधी पाणी

जत्रेला येणारा पाहुणा आपल्या गावचे पाणी पितो. ते चांगले असेल तर तो आशीर्वाद देऊन जातो. खराब असेल तर जुलाब-उलट्या घेऊन जातो. पाच हजार माणूस येणार असेल आणि दिवसभरात माणशी ३ लिटर धरले तर केवळ पिण्याला १५,००० लिटर पाणी लागते. त्या दिवसांत विहिरीचा तळ दिसू लागलेला असतो. म्हणून पंचायत आणि जत्रा कमिटीने पंधरा दिवस आधी बसून पाणी कुठून येणार, टँकर किती आणि हौद कोणते धुवायचे, हे ठरवावे.

पाण्यात टी.सी.एल. पावडर घालावयाची हे आपण सर्व जाणतो, परंतु किती, हे पुष्कळ ठिकाणी अंदाजाने चालते. हिशेब सोपा आहे. चांगल्या प्रतीची, म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १,००० लिटर पाण्याला साधारण २.५ ग्रॅम लागते. विहिरीचे पाणी मोजण्यासाठी व्यास मीटरमध्ये घ्यावा. व्यासाला व्यासाने गुणावे, पाण्याच्या खोलीने गुणावे, ३.१४ ने गुणावे आणि ४ ने भागावे. जे उत्तर येईल तितके घनमीटर पाणी. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर. उदाहरणार्थ, विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर पाणी झाले. त्याला सुमारे ९४ ग्रॅम पावडर लागेल. दहा हजार लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम पुरते.

पावडर तशीच विहिरीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करावी, पाच-दहा मिनिटे ठेवावी, चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून बादलीने ढवळावे. पाणी किमान एक तास तसेच राहू द्यावे. हे काम आदल्या रात्री केलेले उत्तम. टँकर भरतानाच द्रावण घालावे, म्हणजे गावात येईपर्यंत वेळ मिळतो. नंतर जलसुरक्षकाकडून ओ.टी. टेस्ट करून घ्यावी. पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. एक तासानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम शिल्लक असणे योग्य. रंग आला नाही तर मात्रा वाढवावी. गढूळ पाण्याला जास्त पावडर लागते. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेल्या पावडरीचा जोर गेलेला असतो, म्हणून ताजी, कोरडी आणि झाकून ठेवलेली पावडर वापरावी.

पिंपात प्रत्येकाने हात-पेला बुडवू नये, यासाठी तोटी असलेले पिंप किंवा लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. एवढ्या साध्या गोष्टीने निम्मे दुखणे टळते.

आपल्या शेतातले पेय

आता गोड विषयाकडे वळू. जत्रेत माणूस तहानतो आणि दोन-तीन पेले काहीतरी पितोच. समजा, पाच हजार माणसांनी प्रत्येकी दोन पेले घेतले आणि पेल्याला दहा रुपये दिले, तर एका दिवसात एक लाख रुपये केवळ पेयांवर खर्च झाले. हे पैसे जातात कुठे? बाटलीबंद पेये बाहेरची, रंगीत गोळ्याचा पाक बाहेरचा, बर्फ बाहेरचा. आपल्याकडे राहतो तो फक्त कचरा. यातला निम्मा पैसा जरी गावात राहिला तरी महिला बचत गटांना आणि बागायतदारांना मोठा आधार होईल.

कैरीचे पन्हे : एप्रिलमध्ये वारा-वादळाने कैरी पडते. बाजारात तिला फारसे कोणी विचारत नाही. हीच कैरी पन्ह्याला चालते. फुटलेली, सडलेली तेवढी बाजूला काढावी. पाचशे माणसांना प्रत्येकी १५० मि.लि. द्यावयाचे तर ७५ लिटर पन्हे लागते. त्यासाठी सुमारे १८ किलो कैरी धुवून उकडावी. साल-कोय काढून साधारण ९ किलो गर मिळतो. त्यात ११ किलो साखर किंवा गूळ, पाव किलोपेक्षा थोडे कमी मीठ, वेलदोड्याची पूड आणि आवडीप्रमाणे भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. शुद्ध पाणी घालून एकूण ७५ लिटर करावे. सगळे पन्हे सकाळीच पातळ करून ठेवू नये. गर आणि साखरेचे घट्ट मिश्रण झाकून थंड जागी ठेवावे आणि लागेल तसे तासाला पाणी घालून तयार करावे. त्यामुळे पन्हे ताजे राहते व उरलेले वाया जात नाही. कैरी आंबट असल्याने भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे मुळीच वापरू नये.

कैरी आज पडली आणि जत्रा महिनाभराने आहे, तर स्क्वॅश करून ठेवावा. दहा किलो स्क्वॅशसाठी अडीच किलो गर, साडेचार किलो साखर आणि ३ लिटर पाणी घ्यावे. पाक उकळून गाळावा, निवल्यावर गर मिसळावा आणि ६ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाईट थोड्या पाण्यात विरघळवून घालावे. उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या बाटल्यांत भरून बुचे घट्ट लावावीत. पिताना एक भाग स्क्वॅशला तीन भाग पाणी घालावे.

कोकम : कोकणातल्या बंधूंना कोकमाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. एप्रिल-मे हाच फळाचा हंगाम. ताजी साल एक किलो आणि साखर दोन किलो या प्रमाणात स्वच्छ बरणीत थर द्यावेत. सात-आठ दिवसांत साखर विरघळून गडद लाल पाक सुटतो. तो गाळून ठेवावा. एक भाग पाकाला पाच भाग पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरे घातले की उत्तम सरबत होते. याला वरून रंग लागत नाही. घाटावरच्या जत्रांतही याला मागणी येऊ शकते. कोकणातल्या गटांनी घाटावरच्या गटांशी बोलून पाहावे.

लिंबू : चैत्र-वैशाखात लिंबू महाग असते, कारण त्या वेळी झाडावर फळ कमी असते. हा भाव ज्यांना हवा आहे त्यांनी हस्त बहर धरावा. पावसाळा संपल्यावर ताण देऊन ऑक्टोबरच्या सुमारास फुले आली तर फळे ऐन उन्हाळ्यात हाती येतात. हा बहर सहज येत नाही. जमीन निचऱ्याची आणि झाड सशक्त असावे लागते, परतीचा पाऊस लांबला तर ताण बसत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने लिंबाची ‘साई सरबती’ ही जात दिली आहे. जातीचे नावच सरबती आहे, यापेक्षा मी वेगळे काय सांगावे?

ताक आणि आंबील : एक भाग दह्याला तीन भाग पाणी, मीठ, जिरे, कोथिंबीर. दही उकळलेल्या दुधाचेच असावे. ज्वारी-नाचणीची आंबील हे तर आपले जुनेच थंड अन्न आहे. उन्हातून आलेल्या माणसाला घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ दोन्ही हवे असते. ताक आणि आंबील ते देतात.

उसाचा रस : चरकाच्या घुंगरांचा आवाज आला की लहान मूल आईचा हात ओढते. रसवंती जरूर लावावी, पण ऊस धुवून, माती-मुळ्या काढूनच चरकात घालावा. चरक दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने धुवावा. रस काढून ठेवू नये. तो उष्णतेने लवकर आंबतो. गिऱ्हाइकासमोर काढावा आणि लगेच द्यावा.

जत्रेच्या तारखेवरून मागे मोजा

कलिंगडाला जत्रेइतके चांगले गिऱ्हाईक नाही. परंतु पुष्कळदा जत्रा एका आठवड्यात आणि फळ दुसऱ्या आठवड्यात, असे होते. कारण जत्रा तिथीवर आणि पीक दिवसांवर चालते. तिथी इंग्रजी तारखेच्या मानाने दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. चैत्र पौर्णिमेचेच पाहा. २०२४ साली ती २३ एप्रिलला होती, २०२५ साली १२ एप्रिलला आणि २०२६ साली २ एप्रिलला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने २०२७ साली ती २० एप्रिलला जाते. म्हणजे दोन लागोपाठच्या वर्षांत १८ दिवसांचा फरक पडतो. गेल्या वर्षीच्या तारखेला बी लावणारा शेतकरी इथेच फसतो.

म्हणून पंचांग उघडावे, जत्रेची तारीख काढावी आणि तीन-चार दिवस काढणीसाठी सोडून तिथून मागे मोजावे. कलिंगड जातीप्रमाणे लागवडीपासून सुमारे ७५ ते ९० दिवसांत तयार होते. जत्रा २० एप्रिलला असेल तर जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागवड व्हावी. जत्रा २ एप्रिलला असेल तर डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या थंडीत बी उशिरा उगवते, म्हणून रोपे तयार करून लावणे व प्लॅस्टिक आच्छादन करणे फायद्याचे ठरते. सगळे क्षेत्र एकदम न लावता आठवड्याच्या अंतराने दोन टप्प्यांत लावले तर धोका विभागला जातो आणि शेजारच्या गावच्या जत्रेलाही माल मिळतो.

कलिंगड कापून विकताना सुरी, पाट आणि हात स्वच्छ हवेत. फोडी जाळीने झाकाव्यात. फळ आधी धुवावे, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. साली एका जागी गोळा कराव्यात; त्या जनावरांना चालतात.

आंबा विकणाऱ्यांना एक विनंती. जत्रेची घाई म्हणून कार्बाइडने आंबा पिकवू नये. त्याला कायद्याने बंदी आहे आणि ते आरोग्यास घातक आहे. भाताच्या पेंढ्यात आढी घालावी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात इथिलीन वायूवर फळ पिकवून घ्यावे.

बर्फ आणि रंग

गोळा खाऊ नका असे मी म्हणणार नाही. मुले ऐकणारही नाहीत. पण बर्फ कोणता आहे ते पाहा. मासळी व माल थंड ठेवण्याचा बर्फ आणि खाण्याचा बर्फ वेगळा असतो. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८ साली आला. निळसर लादी दिसली तर ती गोळ्याच्या गाडीवर येऊ देऊ नये. जत्रा कमिटीने परवानगी देतानाच ही अट घालावी. पाकाला भडक रंग हवाच कशाला? जांभूळ, कोकम, कैरी आणि गूळ असताना गोळ्याचा पाकही गावात होऊ शकतो.

महाप्रसाद

पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी सागुती, हा पुष्कळ गावांचा रिवाज. शिवाय शेव-रेवड्या, गुडदाणी, जिलेबी, भजी आणि भेळ असतेच. हे सगळे आनंदाने खावे. मात्र हजारांचा स्वयंपाक करताना घड्याळाकडे लक्ष असावे. एप्रिल-मेच्या उष्म्यात शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त तसेच ठेवणे धोक्याचे आहे. पहाटे केलेला भात दुपारी दोनला वाढू नये. एकदम मोठी कढई न करता घाण्या-घाण्याने शिजवावे, वाढेपर्यंत गरम ठेवावे. काल उरलेले वरण आजच्या वरणात मिसळू नये. खवा आणि दुधाची मिठाई त्याच दिवशीची असावी. उपवासाच्या दिवशी जुन्या, ओलसर भगरीचे पीठ वापरल्याने विषबाधा होते. भगर निवडून, धुवून, शक्यतो अख्खीच शिजवावी.

विक्री करणाऱ्या गटांनी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करून घ्यावी. तो कागद जवळ असला की मोठ्या यात्रेतही जागा मागता येते.

जेवायला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण वापरावेत. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पण कायद्यापेक्षा आपल्या गोठ्याकडे पाहा. जत्रा उठल्यावर त्या माळावर आपलीच गुरे चरतात. खरकट्यासकट पिशवी गाईच्या पोटात जाते. आठशे रुपयांचे पेले वाचवण्यासाठी दुभती गाय गमावणे कोणत्या हिशेबात बसते?

वाद्य आणि फड

जत्रेचा जीव वाद्यात आहे. कुस्तीच्या आखाड्यात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू झाल्या आणि हलगी कडाडली की म्हाताऱ्याचेही दंड फुरफुरतात. सनई-चौघडा, ढोल-लेझीम, धनगरांचे गजीनृत्य, कोकणात दशावतार, प्रत्येक भागाचे आपले वाद्य आणि आपला खेळ आहे. आणि रात्री तमाशा.

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्राच्या तोंडावर तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी जाऊन आपल्या जत्रेची सुपारी देतात. त्याच नारायणगावच्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. २००२ साली त्या गेल्या. आज राज्य शासनाचा तमाशातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. फडाचे गणित आपल्या शेतीसारखेच आहे. वर्षाची मिळकत या दोन महिन्यांवर अवलंबून असते. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा त्यांचा दोन वर्षांचा हंगाम बुडाला. दोन वर्षे पीक बुडाले तर घर कसे चालते, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून फड आणायचा तर ठरलेली बिदागी खेळ संपताच द्यावी. कलावंतांना उतरायला सावली, आंघोळीला पाणी, बायकांसाठी आडोसा आणि वेळेवर जेवण द्यावे. हुल्लडबाजांना गावानेच आवरावे. ज्या गावाची ही ख्याती असते तिथे चांगला फड पुढच्या वर्षी स्वतःहून येतो.

अलीकडे पुष्कळ गावांत हलगी आणि सनईवाल्यांची जागा डी.जे.ने घेतली आहे. एका रात्रीच्या भाड्यात गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या कितीतरी वाजंत्र्यांची बिदागी निघते. शिवाय त्या आवाजाने जनावरे बुजतात, दावी तोडतात. आजारी माणसांचे आणि तान्ह्या मुलांचे हाल वेगळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे. वर्षातील ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त १५ दिवस, शासन १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. तमाशाची वेळ त्याप्रमाणे आधी ठरवून पोलीस ठाण्याची परवानगी घ्यावी, म्हणजे ऐन रंगात खेळ बंद पडत नाही.

बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. राज्याच्या कायद्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. शर्यत भरवणाऱ्यांनी अटी पाळाव्यात, शर्यती सकाळच्या गारव्यात घ्याव्यात आणि बैलांना सावली-पाणी द्यावे. ही सवलत किती वर्षांनी मिळाली, हे विसरू नये.

दारूविषयी दोन शब्द

जत्रा आणि दारू यांविषयी कोणी उघड बोलत नाही. मी बोलतो. घाम गेलेल्या शरीरात दारू गेली की ते आणखी कोरडे पडते. उन्हात दारू प्यायलेल्याला उष्माघाताचा धोका जास्त. त्यातही चोरटी दारू म्हणजे जिवाशी खेळ. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने १०० हून अधिक माणसे दगावली. तिच्यात मिथेनॉल होते. मिथेनॉलने डोळे जातात आणि जीवही जातो. वास किंवा चव घेऊन ते ओळखता येत नाही. जत्रेच्या आवारात अशी दारू येऊ न देणे हे कमिटीचे पहिले काम समजा. आणि जत्रेला गेलेला माणूस मोटारसायकलवर घरी परतणार आहे, हेही लक्षात ठेवा.

शेजारच्या गोव्यातून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. तिथे काजूच्या हंगामात, मार्च ते मे, बोंडाचा ताजा गोड रस नीरो म्हणून पितात. त्याच बोंडापासून परवानाधारक भट्टीत हुर्राक आणि फेणी होते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २४ जूनला, पाऊस सुरू होताना, सांजांवचा सण येतो. लोक डोक्यावर पाना-फुलांचे मुकुट घालून घुमटाच्या तालावर गात विहिरींत उड्या घेतात आणि जावयाच्या घरचा-दारचा मान होतो. पेय आपल्या झाडाचे, वाद्य आपल्या मातीचे, आणि विहीर आपली. आपल्याकडे काजूचे बोंड आजही बागेत मोठ्या प्रमाणावर कुजते. त्याचा निदान ताजा रस, सरबत आणि सिरप करून तरी ते जत्रेत आणता येईल.

उन्हाची काळजी

दुपारी १२ ते ४ पर्यंत मिरवणूक आणि रांगा टाळाव्यात. रांगेवर मांडव घालावा. म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना वेगळी वाट द्यावी. चक्कर, उलटी, तापलेले अंग, असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याला तोंडाने पाणी पाजू नये. जुलाब झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट द्यावे व दवाखाना गाठावा.

बंधू-भगिनींनो, गावी परत गेल्यावर जत्रा कमिटीची बैठक या आठवड्यातच बोलवा. पाण्याची जबाबदारी एकाकडे, महाप्रसादाची दुसऱ्याकडे, वाद्यांची तिसऱ्याकडे द्या. बचत गटाला पन्ह्या-ताकाच्या गाड्यासाठी देवळाजवळची, सावलीची जागा आधीच राखून ठेवा. नाहीतर ती बाहेरचा व्यापारी लिलावात घेतो आणि आपल्या बायका उन्हात बसतात. या वर्षी एकच पेय करून पाहा. किती खपले, किती उरले, हे वहीत लिहा. पुढच्या वर्षी दुसरे करा.

वर्षभर आपण राबतो ते दोन दिवस चांगले खावे-प्यावे, गाणे ऐकावे, पाहुण्याला पोटभर वाढावे, यासाठीच. तो आनंद कमी करू नका. फक्त त्याची चव आपल्या शेताची असू द्या, आणि घरी गेलेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी दवाखान्याची वाट धरावी लागू नये, एवढे पाहा.

आपल्या सर्वांच्या गावच्या जत्रा सुखाने पार पडोत. नमस्कार.